बऱ्या सडकेची निगा

माझी ताई बांधकाम खात्यात ज्युनिअर इंजिनिअर आहे. तिची बदली आमच्याच तालुक्यात झाली, तेव्हा गावातल्या सगळ्यांना वाटलं, आता सडकांचं भलं होणार. आमच्या गावाहून आंधळगावकडे जाणारी सडक तेव्हा बरी होती. शेजारच्या गावाची मात्र पार उखडलेली. तिथला माणूस सायकलवर बसून येत नसे, सायकल हातात धरून येई.

आणि ताईने पहिलं काम काढलं ते आमच्या बऱ्या सडकेवर, ऐन उन्हाळ्यात. मजुरांनी डांबराच्या कडेचं गवत खरडलं, पाणी अडवणारी माती उचलली, बुजलेल्या नाल्या मोकळ्या केल्या. मग बारीक बारीक भेगा झाडून त्यांत गरम डांबर ओतलं, वरून दगडाची चुरी पसरली. ताई डोक्याला ओढणी गुंडाळून भेगांवर वाकून बघत फिरायची. पानठेल्यावर लोक हसायचे, "बिमार पडलाच नाही, त्याले सलाईन लावून राहिली!"

एका सकाळी शेजारच्या गावची जाणती माणसं आमच्या अंगणात आली. जयभीम झाला, चहा झाला. मग त्यांच्यातले एक काका म्हणाले, "पोरी, आमचे लोक गड्ड्यात पडून राहिले अन् तू आपल्या गावची सडक सजवून राहिली?"

"काका, तुमची सडक आता नवीनच करा लागते," ताई म्हणाली. "तसा प्रस्ताव पाठवला मी. मोठे गड्डे या हप्त्यात बुजवते, पण तेवढ्यानं ते सडक वाचत नाही. हे आमची अजून वाचते. भेगेतून पाणी आत गेलं का खालची गिट्टी सुटते. मंग हिचीबी तीच गत. दोन-दोन सडका नवीन कराले पैसा कोठून आणाचा?"

त्यांना ते पटलं नाही. ते उठून गेले. ताईने आवाज चढवला नव्हता की मान खाली घातली नव्हती. मी मनात म्हटलं, लहानपणी अंधारात एकटी अंगणातसुद्धा न जाणारी हीच का आपली ताई?

धानाच्या रोवणीचे दिवस आले. बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, चिखल करायला ट्रॅक्टरला लोखंडी चाकं लावतात, आणि सगळेच ती घरून लावून निघतात. त्या दिवशी बाबा ट्रॅक्टर चालवत होते, मी बाजूला मडगार्डवर बसलो होतो. वळणावर ताई तिच्या स्कूटीसह सडकेच्या मधोमध उभी. बाबांनी ब्रेक मारला.

"बाजूले हो व," बाबा म्हणाले.

"बाबा, मागं पाहा."

मी वळून पाहिलं. डांबरावर पांढऱ्या ओरखड्यांची रांग उमटली होती, थेट गावापासून.

"मंग बांधीत उडून जाऊ काय?"

"रबरी चाकावर जा. लोखंडी ट्रॉलीत टाका अन् बांधीजवळ चढवा."

"अर्धा दिवस जाईन! साऱ्यांचे ट्रॅक्टर असेच जातात. तुले बापच दिसला काय?"

"बापाले सांगता येत नाही, तर दुसऱ्याले कोण्या तोंडानं सांगू?"

मागे आणखी दोन ट्रॅक्टर येऊन थांबले. ताईने पायजमा वर खोचला, आमच्या टूलबॉक्समधून पाना काढला आणि चिखलात बसून नट सोडायला लागली. ऑफिसच्या कपड्यांत! पहिला नट काही हलेना. बाबा थोडा वेळ वरूनच बघत राहिले. मग खाली उतरले, तिच्या हातातून पाना घेतला आणि म्हणाले, "जॅक लाव पयले. असं नाही होत." मला म्हणाले, "जा, घरून बैलबंडीत रबरी चाकं आण." मागच्या दोघांनीही आपापले जॅक काढले.

त्या दिवशी आमचा चिखल झाला नाही. बाबा रात्री जेवताना बुडालेल्या दिवसाचा हिशेब काढत राहिले. पण दुसऱ्या सकाळी तेच आधी निघाले, लोखंडी चाकं ट्रॉलीत घालून. इंजिनिअरच्या बापालाच सूट नाही म्हटल्यावर बाकीच्यांना बोलायला जागा उरली नाही. आठवडाभरात सगळं गाव बांधीजवळ चाकं बदलू लागलं. उघडीप मिळाली त्या दिवशी ताईने ते ओरखडेही डांबराने बुजवून घेतले.

त्या वर्षी पाऊस धो धो झाला. तलावाचा सांडवा वाहिला, पण पाणी नाल्यांतून निघून गेलं. दिवाळीच्या सुमारास मी दुधाच्या कॅन घेऊन आंधळगावला जायचो, तेव्हा एकही गड्डा चुकवावा लागत नव्हता. पुढच्या वर्षी शेजारच्या गावाची सडक मंजूर झाली. तेच काका पुन्हा आमच्या अंगणात आले आणि म्हणाले, "पोरी, डांबर मंग टाक. पयले नाली दाखव, कोठून काढाची ते."

आता ताई तुमसरकडे आहे. नाकाडोंगरीच्या बाजूला खाणीचे जड ट्रक चालतात, तिथली सडक सांभाळणं वेगळंच दुखणं आहे म्हणते. परवा तिचा फोन आला. मागे ट्रकांचा घरघराट चालला होता, अर्धं बोलणं ऐकूच येईना. सडकेखालच्या, गाळाने बुजलेल्या एका मोरीचं तोंड त्यांनी त्या दिवशी मोकळं केलं होतं आणि पाणी कसं भसकन निघालं, ते ती ओरडून ओरडून मला सांगत होती.