फाट्यापर्यंत रोज

सातव्या महिन्यात माझी साखर वाढली. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाल्या, "रोज सकाळी अर्धा तास चाला. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासू. नाही उतरली तर इन्सुलिन." मी शहाण्या मुलीसारखी मान डोलावली आणि बाळंतपणासाठी माहेरी येऊन पलंगावर पसरले.

माहेर म्हणजे आता बाबा आणि रिकामं घर. आई गेल्या वर्षी गेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण माहेरात आईच नसेल तर काय करायचं हे कुणी सांगत नाही. सासूबाई म्हणाल्या होत्या, यवतमाळलाच राहा. मीच हट्टानं आले. आल्यावर सकाळी गोधडी डोक्यावरून ओढून घ्यायची आणि स्वयंपाकघरात आईच्या बांगड्या वाजतात का ते ऐकत पडून राहायचं, एवढाच माझा उद्योग.

गरोदर बायकांच्या व्यायामाचे व्हिडिओ मात्र मी मन लावून बघायची. त्यातल्या बायका गुलाबी चटईवर हसत हसत वाकायच्या आणि मी लोळत लोळत शेंगदाण्याचा लाडू खायची. बाबा दारात येऊन उभे राहायचे.

"उठ ना माय. डॉक्टरीन बाईनं काय सांगतलं?"

"पाय सुजले ना बाबा."

"मंग तं चालाच लागते."

"उद्या पाहू."

बाबा वावरात निघून जायचे.

आईलाही साखर होती, आणि चालायचा कंटाळा तर माझ्याहून जास्त. लग्नानंतर मी फोनवर तिच्या मागे लागायची, ती टोलवायची. मग अचानक ती रोज चालायला लागली. "जातो ना वं, फाट्यापावतर जाऊन येतो," म्हणायची. मला केवढा अभिमान वाटला. ऑफिसातल्या मैत्रिणींना मी आईचं उदाहरण द्यायची. माझ्या बोलण्याचाच तो गुण, असं मी धरून चालले होते.

तपासणीला चार दिवस उरले तेव्हा बाबा चपला घालून उंबऱ्यावरच बसले. "तू येशीन तवाच वावरात जातो," म्हणाले. वावरात कापूस फुटून पडला होता, वेचणाऱ्या बाया कधीच गेल्या होत्या, तरी बाबा हलेनात. मी चिडून उठले. माझ्या चपलांत पाय जाईनात म्हणून बाबांचे जुने सँडल चढवले.

बाबा चार पावलं पुढे, मी मागे धापा टाकत. यवतमाळ-दारव्हा रस्त्यावरच्या फाट्यावर चहाचं एक हॉटेल आहे. तिथल्या बाकावर मी बसकण मारली.

"भाऊ, आली का पोरगी?" हॉटेलवाल्या काकांनी बाबांना विचारलं. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "वहिनी याच बाकावर बसत. यवतमाळची सकायची गाडी येऊन जाये, मंगच घरी जात. एक डाव म्या इचारलं, कोन येनार हाय? तं म्हने, सांगून थोडीच येते ते."

ते म्हणजे मी.

लग्नाच्या पहिल्या वर्षी मी एकदा न कळवता त्या गाडीनं आले होते. कारण काही नव्हतं. आईची आठवण आली म्हणून सुटी टाकली. आई अंगणात सडा टाकत होती, मला बघून तिच्या हातातली बादली सांडली. "सांगतलं असतं तं फाट्यावर आलो असतो ना घ्याले," असं ती दिवसभर म्हणत राहिली. त्यानंतर आम्ही कार घेतली. मी वर्षातून दोनदा, आधी फोन करून, कारनं येत राहिले. त्या गाडीनं पुन्हा कधीच आले नाही.

"बाबा, तुमाले मालूम होतं?"

"हो."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"तिनं नाई सांगू देल्लं. तुले उगाच घोर लागन म्हने."

मी रडले. काकांनी चहा आणून ठेवला, बिनसाखरेचा, तो तसाच थंड झाला. आई मला हवी होती. एकदा, फक्त एकदा, तिला या बाकावर बसलेली बघत त्या गाडीतून उतरायला मिळायला हवं होतं.

तेवढ्यात गाडी आली. शाळेतल्या दोन बाई उतरल्या, मग फवारणीचा पंप घेतलेला एक माणूस. दार लागलं, गाडी दारव्ह्याकडे गेली. तरी मी रस्त्याकडेच बघत होते. बाबा चाल म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला उठवायला आले तर मी सँडल घालून ओट्यावर बसले होते.

"चला ना बाबा लवकर," मी म्हणाले. "गाडी चुकन."