लोर्नाच्या वाढदिवसाच्या नूडल्स मी सुरीने कापल्या

लोर्नाच्या साठाव्या वाढदिवसाच्या नूडल्स मी सुरीने कापून ठेवल्या होत्या.

परवा लोर्ना गेली.

आधीच सांगते, खाली कमेंटमध्ये कोणी "तुमचा काय दोष?" लिहू नका. नूडल्स कापल्याने माणूस मरत नाही, एवढं मलाही कळतं. तिला किडनीचा आजार होता.

तरी दोष माझाच आहे. कोणता, ते वाचा.

दुबईच्या ऑफिसात लोर्ना आमची फिलिपिनो रिसेप्शनिस्ट. मी साहेबांची सेक्रेटरी. एकोणीस वर्षं तिच्या इंग्लिश पत्रांवर मी लाल पेन चालवला आणि एकोणीस वर्षं ती "थँक्यू, मॅम" म्हणत राहिली.

मी रिटायर झाले, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा ऑफिसातून घरी आली ती एकटी तीच. दोन बस बदलून अल नहदाला. हातात सूपचा डबा.

वाढदिवसाला तिने फिलिपिनो रेस्टॉरंटमध्ये बोलावलं. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "हलाल आहे, मॅम. मी किचनमध्ये जाऊन विचारलंय."

साधी जागा. प्लास्टिकचे टेबलक्लॉथ, कोपऱ्यात कोणीतरी माइक घेऊन बेसूर गातंय, पोरं टेबलांखालून पळतायत. सगळं जेवण मोठमोठ्या थाळ्यांतून मधोमध येतं आणि जो तो दुसऱ्याला वाढतो. चिंचेचं आंबट सूप तर थेट आमच्या रत्नागिरीच्या चवीचं. मी दोनदा घेतलं.

मग नूडल्सची थाळी आली. हातभर लांब नूडल्स.

साठच्या दशकात कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरने शिकवलेलं, तोंडातून काही लोंबता कामा नये. माझी सात वर्षांची नात झोया शेजारीच बसलेली. तिला सोपं पडावं म्हणून मी काटा उचलला. टेबलावर सुरी नव्हती, ते लोक चमचा-काट्यानेच जेवतात. मी वेटरकडून सुरी मागवली.

आणि झोयाची प्लेट नाही, अख्खी थाळी कापली. उभी, आडवी. व्यवस्थित.

मान वर केली तर सगळ्यांची तोंडं पडलेली.

लोर्नाची बहीण टेस हळूच म्हणाली, "मॅम, त्या बर्थडेच्या नूडल्स आहेत. लाँग लाइफसाठी. कापत नाहीत."

तिथे मी "अरे, मला माहीत नव्हतं" म्हणायला हवं होतं. विषय खलास झाला असता.

पण माझी जीभ!

"नॉनसेन्स," मी म्हटलं. "मग तुमच्या देशात हॉस्पिटलं कशाला बांधलीत? नूडल्सच खायच्या!"

आणि हे कोण बोलत होतं? नातीची नजर उतरवायला सून विसरली तर जी तीन दिवस तिच्याशी धड बोलत नाही, ती बाई.

कोणी हसलं नाही. हसली फक्त लोर्ना. तिने थाळी स्वतःकडे ओढली, प्लेट भरून घेतली आणि सगळ्यांसमोर ते तुकडे चमच्याने खाल्ले. "छोट्या छान लागतात, मॅम. दात पण जुने झालेत माझे."

झोया मोठ्याने म्हणाली, "दादी, यू शुड से सॉरी."

मी तिला डोळ्यांनीच दटावलं.

चार महिन्यांनी लोर्नाचं डायलिसिस सुरू झालं. मग ती गावी परत गेली. तिचे फोटो यायचे, हॉस्पिटलच्या खाटेवर, लिपस्टिक लावून. मी सॉरी टाइप करायचे आणि पुसायचे. खाटेवरच्या बाईला आता सॉरी म्हणायचं म्हणजे तिला सांगायचं, हो, माझ्या सुरीनेच झालं. धीर होईना. मेसेजमध्ये गुलाबाची फुलं पाठवत राहिले. "गेट वेल सून, इन्शाल्ला."

ती प्रत्येक फुलाला उत्तर द्यायची.

परवा टेसचा फोन आला. बातमी ऐकून माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "टेस, त्या नूडल्स..."

तिने मला मध्येच थांबवलं. मग म्हणाली, "मॅम, त्या दिवशी टॅक्सीत ती आमच्यावरच चिडली. तोंडं का पाडलीत म्हणून. म्हणाली, मॅम माझी गेस्ट आहे, तिला तुम्ही लाज आणली."

मला लाज आणली!

लोर्ना, लाज मी तुला आणली होती. तुझ्या टेबलावर, तुझ्या दिवशी, तुझ्या माणसांदेखत.

म्हणून मेसेजमध्ये नाही, इथे लिहिते आहे. माझे सगळे नातेवाईक, ऑफिसची मंडळी, कॉन्व्हेंटच्या मैत्रिणी, सगळ्यांदेखत.

मी चुकले, लोर्ना. सॉरी.

नीट जा.