हळदीवरचा गुलाल

घोटावड्याचा हैबतराव शर्यतीच्या छकड्यावर उभा राहिला की मुळशीतली गावंच्या गावं माळावर लोटायची, आणि त्याची बायको तुळजाबाई घरात देव पाण्यात घालून बसायची. बैल हरतील ही तिची भीती नव्हती बरं का. हरले तर हरले, जनावरं ती, आज नाही उद्या जिंकतील. तिला धास्ती होती ती नवऱ्याच्या रागाची. हैबतरावाचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर, आणि देवानं नाकही भलं मोठं दिलेलं.

एका यात्रेत निशाणवाल्यानं निशाण जरा आधी पाडलं. दुसरा असता तर पंचांकडे गेला असता. ह्यानं छकड्यावरून खाली उतरून त्या माणसाच्या हातातलं निशाण घेतलं, गुडघ्यावर मोडलं आणि दोन्ही तुकडे अदबीनं परत त्याच्या हातात दिले. तो निघाला तिथल्या पोलीस पाटलाचा मेहुणा. झालं, त्या गावची वाट बंद. एकदा ऐन धावेत पटका सुटून डोळ्यांवर आला आणि शर्यत गेली, तर घरी येऊन पटका विहिरीत भिरकावला. दुसऱ्या दिवशी गळ टाकून तो काढायचं काम कुणाचं? तुळजाबाईचं, आणखी कुणाचं. शेजारणी काठावर उभ्या राहून विचारायच्या, काय गं, आज पटक्याला आंघोळ का? ती हसून वेळ मारून न्यायची, पण मनात म्हणायची, आज पटका, उद्या कुणाचं डोकं फोडून आला म्हणजे?

माघापासून यात्रा सुरू व्हायच्या त्या पार अक्षय तृतीयेपर्यंत. तेवढे दिवस बाईला अन्न गोड लागायचं नाही. शर्यतीच्या दिवशी संध्याकाळी ती अंगणात कान देऊन बसायची. बैलांच्या घुंगरमाळा दुडक्या चालीत वाजत आल्या की जिंकले. सावकाश वाजल्या की हरले. आणि वाजल्याच नाहीत, तर कुठंतरी मारामारी झाली आणि माणूस अडकला.

पण एक गोष्ट कबूल करायला पाहिजे. माणसांवर आग पाखडणारा हा गडी बैलाला कधी फुलाचा मारही द्यायचा नाही. बाकीचे हाकणारे पराणीच्या टोकाला लोखंडी आर बसवायचे, बैलाच्या पुठ्ठ्यात टोचायचे. हैबतरावाच्या हातात नुसती काठी. धावेच्या आधी ती समोरच्या गाडीवानाच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, बघ, हात लावून बघ. पळायचे ते बैल त्याच्या आरोळीवर. अशी आरोळी की पौडाच्या रस्त्यावर येस्टी थांबावी. वीस वर्षं तो असाच जिंकत आला, आणि त्याच्या रागाला लोकांनी जे माफ केलं ते ह्या एका गोष्टीसाठी.

आता त्या जोडीतली खरी गोम सांगतो. जोडी हैबतरावाची नव्हतीच मुळी. मोऱ्या त्याचा. दुसरा पाखऱ्या, तो तुळजाबाईच्या भावाचा, माणच्या कोंडिबाचा. दोन घरी एकेक बैल, म्हणून दोघांची सावड होती. भाताची चिखलणी आधी घोटावड्याला करायची, मग माणला, दोन्ही बैल एकत्र जुंपून. शर्यतीच्या दिवसांतही पाखऱ्या इकडे यायचा, धाव झाली की परत जायचा.

कोंडिबा तुळजाबाईहून बराच धाकटा. आई गेली तेव्हा तो रांगत होता, आक्कानंच त्याला काखोटीला मारून वाढवला. बैल घेऊन आला की तो कासरा कधी दाजींच्या हातात द्यायचा नाही. घरात येऊन आक्काच्या हातात द्यायचा. पहिल्याच वर्षी तो तिला म्हणाला होता, दाजींचं मला काय ठावं न्हाई, बैल मी तुझ्याकडं देतोय. ती म्हणाली होती, त्याच्या अंगाला आर लागली तर माझ्या दाराला येऊ नको. हे काय नुसतं बोलणं नव्हतं. तिचं माहेर म्हणजे तो एक भाऊ आणि त्याच्या हातातला तो कासरा.

पानशेतचं धरण फुटलं त्याच्या आदल्या सालची गोष्ट. मोऱ्याचं वय झालं होतं. पाखऱ्या भर जोमात, आणि जोडी तर जोडीनं पळायला पाहिजे. एक बाजू मागं पडली की छकडा तिरका जातो. एकामागून एक दोन यात्रा गेल्या. पिरंगुटाकडच्या एका कोवळ्या पोरानं हैबतरावाला मागं टाकलं, आणि पारावर कुणीतरी बोललं की हैबतरावाचं आता मोऱ्यासारखंच झालंय. हे त्याच्या कानावर आलं. तुळजाबाईला वाटलं, आता हा कुणाच्या तरी नरड्याला हात घालणार. त्यानं तसं काही केलं नाही. गप जेवला, गप झोपला. तिला त्या गप बसण्याचीच जास्त भीती वाटली.

पुढची धाव चैत्रातली, गावच्याच यात्रेची. संध्याकाळी घुंगरमाळा दुडक्या चालीत आल्या. मागं हलगी, शिट्ट्या, पोरंटोरं, आणि दोन्ही बैल मस्तकापासून शेपटीपर्यंत गुलालात न्हालेले. तुळजाबाईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, दोघांच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं. लोक पांगले तशी ती बैल धुवायला गोठ्यात गेली.

मोऱ्याच्या पुठ्ठ्यावरचा गुलाल पाण्यानं सरळ वाहून गेला. पाखऱ्याचा वाहिना. ती पाणी टाकत राहिली आणि गुलाल लालच राहिला, मग तिच्या लक्षात आलं की हा गुलाल नव्हे. शेपटीच्या बुडाशी, एकमेकांलगत, खोल भोकं पडली होती. 

काय लागलं ह्याला, असं तिनं विचारलं. बाभळीचा काटा, हैबतराव म्हणाला.  पण ताटावर बसल्यावर त्याला भाकरी मोडता येईना. तळव्याला मीठ लागलं तसा तो हात झटकून बसला. उजव्या तळव्यात खिळा रुतल्याची खूण होती. मुठीत धरून टोचताना त्याच्याही हातात घुसला होता. काठी बिनआरेची ती बिनआरेचीच, लोकांना हात लावून बघायला दिलेली. आणि टोचलं ते कुणाला? स्वतःच्या मोऱ्याला नाही. पाखऱ्यानं म्हाताऱ्या मोऱ्यालाही ओढत न्यावं म्हणून भावाच्या बैलाचं रक्त काढलं होतं. तुळजाबाईच्या मनात ह्या गोष्टीनं जे घर केलं ते केलंच.

बोलावं तर राग. आणि राग कसला, हा आणि कोंडिबा समोरासमोर आले तर एक जण आडवा पडणार. न बोलावं तर सकाळी कोंडिबा बैल न्यायला येणार. रात्रभर तिचा डोळा लागला नाही. पहाटे उठून तिनं फडताळातली हळद काढली, तेलात कालवून भोकांवर लावली. पाखऱ्या हलला नाही, तिचा हात ओळखीचा होता. पण पिवळी हळद उजेडात दिसणार. मग तिनं पुडीत उरलेला गुलाल घेतला आणि हळदीवर मूठभर फासला. एका बाजूला बरा दिसेना, म्हणून दुसऱ्या पुठ्ठ्यालाही फासला.

कोंडिबा आला तो खुशीत. गुलालात आला गडी, म्हणत त्यानं पाखऱ्याचं कपाळ खाजवलं, मानेवरून, पाठीवरून हात फिरवत मागं मागं चालला. पुठ्ठ्याजवळ बैलानं कातडी थरथरवली. तुळजाबाई मध्येच म्हणाली, चहा घेतोस का रं, गूळ नवा आणलाय. तो हसून वळला. चहा पिऊन, कासरा घेऊन तो गेला, आणि ती दारात बसकण मारून बसली. आपण काय केलं हे तिला तेव्हाच कळलं होतं, उगाच कशाला नाही म्हणायचं.

त्यानंतर माणच्या रस्त्यानं कुणी माणूस येताना दिसला की तिच्या काळजाचं पाणी व्हायचं. हैबतराव मात्र पारावर ऐटीत. चार दिवस बरे गेले. मग गोजराबाई म्हणून माणची एक बाई बाजाराला निघालेली दारावरून गेली, तिनं वाटेत थांबून सांगितलं की तुझ्या भावाचा बैल बसलाय, पुठ्ठ्यात किडे पडलेत.

हैबतराव आतून ऐकत होता. तो गरजतच बाहेर आला. त्याचा बैल त्याला सांभाळता येत न्हाई, त्यात माझा काय दोष, म्हणत त्यानं पटका गुंडाळला आणि वाट धरली. तुळजाबाई मागं. सगळी वाट तो बडबडत होता, कोंडिबाला काय काय सुनावणार ते. ती मागून चालताना एकच विचार करत होती, ह्यानं हात उचलला तर आपण मध्ये पडायचं.

गोठ्यात कोंडिबा लिंबाच्या पाल्याचं पाणी घेऊन बैलापाशी बसला होता. पाखऱ्या मान टाकून पडला होता, जखमेचा वास दारापर्यंत येत होता. कोंडिबानं वर पाहिलं नाही. हैबतराव तोंड उघडणार एवढ्यात तोच बोलला.

"दाजी, खिळा कुणी मारला ते मी इचारत न्हाई. ते जखमंनंच सांगितलं." मग त्यानं बहिणीकडं पाहिलं. "जखमंत गुलाल गच्च बसला व्हता, आक्का. धुतला, तर खाली हळद. हळद लावून वर गुलाल कुणी फासला?"

 हैबतरावाच्या मानेच्या शिरा फुगल्या. आता हा फुटणार, तिनं ओळखलं, आणि ती पुढं झाली. तो फुटला नाही. खाली बघत, तिला कधी माहीत नव्हतं अशा आवाजात तो म्हणाला, "म्या लावला."

उभ्या जन्मात त्यानं स्वतःची चूक कबूल केली नव्हती. आणि पहिल्यांदा केली ती दुसऱ्याची.

"दाजी," कोंडिबा म्हणाला, "तुमच्या घरात हळद कुटं ठिवत्यात, सांगा बरं."

हैबतराव पटका सोडून परत गुंडाळायला लागला.

तो तिथून हलला मात्र नाही. सीताफळाच्या पाल्यानं किडे मरतात हे त्याला ठाऊक होतं. पाला आणला, पाट्यावर वाटला, गोळा घेऊन बैलाजवळ गेला. त्यानं हात लावायच्या आधीच पाखऱ्याची कातडी पुठ्ठ्यापासून मानेपर्यंत थरथरली आणि पडलेलं जनावर मागं सरकायला बघू लागलं. हैबतराव तसाच माघारी फिरला. मग रोज तो बाहेर बसून पाला वाटायचा आणि आत जाऊन लावायची तुळजाबाई. बैल उठून वैरणीला लागेपर्यंत दोघं माणमध्येच राहिले. कोंडिबानं दोन्ही वेळा ताटं वाढली, बिछाने घातले, पाहुण्यांना करतात तसं सगळं केलं. बोलला तेवढा नाही.

घरी आल्यावर हैबतरावानं छकडा गोठ्यामागं उभा करून ठेवला. पुढं त्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या. पारावरच्या लोकांनी टोमणे मारले, पिरंगुटाच्या पोरानं निरोप पाठवला, हा ऐकून घ्यायचा आणि उठून जायचा. ज्या रागापायी बाईचं निम्मं आयुष्य धाकात गेलं, तो राग कुठं गेला म्हणून ती आता त्याच्या तोंडाकडं बघत बसायची. एकदा तिनं मुद्दाम आमटी खारट केली. तो गुमान जेवला.

तिला आता एकच घोर लागला होता. मृग जवळ आला, भाताच्या रोपांचे तरवे टाकायची वेळ झाली, चिखलणीला बैल लागणार. कोंडिबा सावड मोडेल का? मोडली तर भाताचं काय, हा प्रश्न होताच. पण तिला भाताचं एवढं नव्हतं. तो कासरा घेऊन दारात आला, तर माहेर आहे. नाही आला, तर संपलं.

तो आला. खाचरांत पाणी साठल्यावर एका सकाळी पाखऱ्याला घेऊन तो अंगणात उभा राहिला. बैल भरला होता, पुठ्ठ्यावर केस न आलेले डाग तेवढे दिसत होते. तुळजाबाईच्या जिवात जीव आला. हातातलं शेण तसंच टाकून ती धावली, पदराला हात पुसले आणि नेहमीसारखा हात पुढं केला.

कोंडिबा तिच्या बाजूनं गोठ्यात गेला. कासरा त्यानं स्वतःच्या हातानं खुंट्याला बांधला, गाठ ओढून बघितली आणि बाहेर आला.

"चिखलणी झाली की मीच यीन न्यायला," तो म्हणाला. चहा नको म्हणाला. हैबतरावाला वाकून नमस्कार केला आणि निघून गेला.

तुळजाबाई हात पुढं करून तिथंच उभी होती. हैबतरावानं ते पाहिलं. आता ह्यानं ओरडावं, कोंडिबाच्या मागं धावावं, माझ्या बायकोचा अपमान केलास म्हणून चार शिव्या घालाव्या, असं तिला जन्मात पहिल्यांदा वाटलं. तो गोठ्याच्या दारापर्यंत गेला. आत पाखऱ्याची कातडी हलली, तसा तो दारातच थांबला.

"तू पाज त्याला पाणी," तो म्हणाला. "मी बाहेर हाय."

तिनं बादली उचलली आणि आत गेली. पाखऱ्यानं तिच्या हाताचा वास घेतला आणि तोंड बादलीत घातलं. पाणी संपेपर्यंत ती त्याच्याजवळ उभी राहिली.