जावेचा मनोरा

मोबाइलच्या मनोऱ्यांचे भाग तपासण्यात थोरल्या जावेची अठरा वर्षं गेली होती. एकही सदोष भाग तिच्या हातून सुटत नसे. मग तिची धाकटी जाऊ त्याच कंपनीत लागली आणि साहेबांना म्हणाली, "एका मनोऱ्यावर शंभर अँटेना लावू, म्हणजे स्वस्तातले भागही चालतील. प्रत्येकाची चूक वेगळी असते, सगळ्या चुका एकत्र आल्या की त्या विरून जातात."

साहेब खूश झाले. थोरलीच्या पोटात दुखलं. कालची पोर आपल्याला शिकवणार!

चाचणीच्या दिवशी एकेक अँटेना चालू होत गेली, तसा फोनवर येणारा इंटरनेटचा वेग ती हट्टानं स्वतः मोजायला बसली. थोड्या वेळानं वेग वाढायचा थांबला.

"बघ, हे तुझे स्वस्त भाग!" ती म्हणाली. जाऊ रडवेली होऊन तोंड धुवायला गेली.

खात्री करावी म्हणून थोरलीनं चाचणीचा फोन बदलून चांगल्यातला जोडला. वेग झपकन वाढला. खोट मनोऱ्यात नव्हती, फोनमध्ये होती. जुना फोन परत लावला असता, तर कुणाला कळलंही नसतं. तिचा हात त्या फोनपर्यंत गेला.

"अगं, इकडे ये," तिनं अखेर हाक मारली. "तुझं बरोबर आहे."

अहवालावर तिनं सही केली. घरी जाताना मात्र ती जावेसाठी न थांबता एकटीच पुढे निघाली.