लायब्ररीतला कस्टमवाला

माझ्या सासऱ्यांची अमेरिकेत पहिली ओळख झाली ती एका मेलेल्या माणसाशी.

डॉटकॉमचा फुगा फुटून वर्ष-दोन वर्षं झाली होती. माझी नोकरी कशीबशी टिकली, त्या आनंदात आम्ही न्यू जर्सीतल्या ज्या गावात इतकी वर्षं भाड्यानं राहत होतो, तिथेच घर घेतलं आणि ते दाखवायला सासऱ्यांना बोलावलं. सासूबाईंना विमानाची भीती, म्हणून ते एकटेच आले. बायको आणि मी सकाळी आपापल्या ट्रेनला पळायचो. ते चालत गावच्या लायब्ररीत जायचे. तिथल्या दारापाशी एका गालमिशावाल्या गृहस्थांचं तैलचित्र होतं. आम्ही इतकी वर्षं त्याच्याखाली बुटांचा बर्फ झाडत आलो, पण वर कधी पाहिलं नव्हतं. सासऱ्यांनी पाहिलं, आणि चौकशीही केली. लायब्ररीला जागा देणारे हे गृहस्थ एकोणिसाव्या शतकातले बँकर, आणि नंतर एका बंदराचे कस्टम्स प्रमुख.

माझ्या सासऱ्यांची सगळी नोकरी मुंबई विमानतळावर कस्टम्समध्ये झालेली. त्या संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "जावईबापू, आपल्या खात्यातला निघाला की हा."

मग रोज रात्री वरणभाताबरोबर लायब्ररीतल्या पुस्तकात वाचलेलं त्या गृहस्थांचं चरित्र थोडंथोडं वाढलं जाऊ लागलं. बँकेत कारकून म्हणून लागला, अध्यक्ष झाला. बँका धडाधड बुडत होत्या तेव्हा पैसे काढायला लोकांची झुंबड उडाली, तर हा दाराबाहेर खुर्ची टाकून बसला आणि येईल त्याची विचारपूस करत राहिला. निम्मे लोक तसेच घरी गेले. पुढे त्याच्या पक्षाचं सरकार आलं आणि त्याला कस्टम्सची खुर्ची मिळाली.

"म्हणजे वशिल्यानं," मी म्हणालो.

"वशिल्यानंच. पण पुढचं ऐका. तेव्हा माल पकडला की दंडातला वाटा साहेबाला मिळायचा. कायद्यानं. ह्यानं कधी घेतला नाही."

"आणि लोकांना ते खरं वाटलं?"

त्यांनी भात कालवायचा थांबवला. "ते पुस्तकात नाही," म्हणाले.

ते त्या गृहस्थांबद्दलच बोलतायत असं समजणारा त्या टेबलावर मी एकटाच होतो. बायकोनं माझ्याकडे पाहिलंही. पण मी पडलो इथल्या मराठी मंडळाचा कायमचा सूत्रसंचालक, आणि हातात माइक असलेल्या माणसाला हशाखेरीज दुसरं काही ऐकू येत नाही.

मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात त्यांना ह्या विषयावर थोडं बोलू द्यावं, ही कल्पना माझीच. त्यांनी भाषण लिहून काढलं, लग्नातला सूट घातला, आणि ऐनवेळी घसा बसला. "तुम्ही वाचा. तुमची सवय आहे," म्हणाले. सवय होती, हेच वाईट झालं. सुरुवातीला मी नीट वाचत होतो. पण मागून आयसेलिनच्या देशी दुकानांतून आणलेल्या बटाटेवड्यांचा वास यायला लागला, दुसऱ्या रांगेत कुणीतरी जांभई दिली, आणि मी नेमका दंडातल्या वाट्यापाशी आलो होतो. जीभ सुटली.

"घेतला नाही, कारण कायदेशीर होता हो! कायदेशीर खाण्यात कसली मजा? पटत नसेल तर पहिल्या रांगेत तज्ज्ञ बसलेत, त्यांना विचारा."

हशानं हॉल दणाणला. तिथल्या प्रत्येकाची बॅग कधी ना कधी मुंबईला उघडली गेली होती; इतक्या वर्षांचा राग हसून बाहेर पडत होता. सासऱ्यांचेही दात दिसले. मी ते हसू समजलो आणि आणखी दोन विनोद केले.

जेवणाच्या रांगेत एक डॉक्टर काका त्यांना म्हणाले, "साहेब, आमचा व्हीसीआर तुम्हीच अडवला असणार. काय रेट होता तेव्हा?"

"मी घेत नसे."

रांग पुन्हा हसली. "जावयापेक्षा सासऱ्यांचं टायमिंग भारी," कुणीतरी म्हणालं.

"नाही, खरंच घेत नसे," ते म्हणाले. ह्यावेळी हशा जास्त मोठा होता. पुढे कुणीतरी तेच विचारलं, तेव्हा त्यांनी फक्त ताट पुढे केलं.

गाडीत बायको खिडकीबाहेर बघत बसली. मी म्हणालो, "बाबा, गंमत होती हो."

"कळलं ना. लोक झोपायला आले होते, तुम्ही जागं केलंत."

ह्यात टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर चरित्र बंद झालं. सरकार बदललं आणि त्या गृहस्थांची खुर्ची गेली, इथपर्यंतच मला माहीत आहे. सासरे परत निघाले त्या आठवड्यात मंडळातला एक मित्र भावासाठी नवाकोरा व्हिडिओ कॅमेरा घेऊन आला. "काका, तिथे सगळी तुमचीच माणसं. ग्रीन चॅनलमधून सरळ बाहेर."

"नेतो. पण ड्युटी भरणार. भावाला तेवढं सांगून ठेवा."

मित्रानं माझ्या पाठीत थाप मारली. "यार, तुझे सासरे म्हणजे भन्नाट आहेत." मी कार्पेटकडे बघत राहिलो.

मित्र गेल्यावर शर्टाची घडी घालत सासरे म्हणाले, "हसा ना, जावईबापू. आता काय." आवाजात राग नव्हता. ड्युटी त्यांनी भरली, हे मेव्हण्याकडून कळलं. जुने हाताखालचे लोक "साहेब, जा तुम्ही" म्हणत होते, तरी ते रांगेत उभे राहिले.

ते पुन्हा आले नाहीत. गुडघ्यांचं कारण सांगतात. मी फोन केला की इथल्या हवेची चौकशी करतात आणि रिसीव्हर सासूबाईंकडे देतात.

परवा मुलीला शाळेच्या प्रोजेक्टसाठी लायब्ररीत नेलं होतं. तिनं चित्राकडे बोट दाखवून विचारलं, "हू इज ही?" मी सगळं सांगितलं: बँक, दाराबाहेरची खुर्ची, दंडातला वाटा. "आणि त्यानं तो कधीच घेतला नाही," मी म्हणालो.

"सो व्हॉट्स द जोक, बाबा?"

"जोक नाही गं. खरंच घेतला नाही."

तिनं मान डोलावली. पण ती तिथून हलेना. मी आता कधी हसतोय, ते बघत उभी राहिली.