सिताबाईचा खवा आणि सकाळची एसटी

येरमाळ्यापासून सात किलोमीटर आत आमचं गाव. रामहरीतात्या रोज सकाळी पंचायतीसमोर पडलेल्या सिमेंटच्या नळ्यांवर बसून गावाचा विकास कसा होईल ते सांगायचे. त्यांच्या मते एक मोठा कारखाना आला की झालं. त्यासाठी त्यांनी अकरा अर्ज केले होते. अक्षर फार सुंदर.

त्यांची बायको सिताबाई खव्याची भट्टी चालवायची. ओढ्यावरचा फरशी पूल वाहून गेल्यापासून एसटी फाट्यावरूनच परत फिरे. खवा डोक्यावर घेऊन तिथवर जाईस्तोवर बस निघून जायची आणि उन्हाळ्यात खवा आंबायचा.

एक दिवस ती नवऱ्याला म्हणाली, "कारखाना येईल तवा येईल. एसटी कशी येईल ते सांगा."

"ती लई बारकी गोष्ट हाय," तात्या म्हणाले.

"मग उठा. नळ्या न्यायच्या हायेत."

सरपंचांची परवानगी तिनं आधीच घेतली होती. तात्या उठले, पण तोंड पाडून. पंधरा बायांनी चार दिवस दगड-मुरूम वाहिला, ओढ्यात नळ्या बसवल्या, वर भराव टाकला. एसटीचा ड्रायव्हर पाहायला आला. म्हणाला, "आधी भरलेला ट्रॅक्टर नेऊन दाखवा, मग माझी गाडी."

ट्रॅक्टरात दगड भरले. वजन अजून थोडं हवं होतं. सगळ्या बायांनी तात्यांकडं पाहिलं. ते मुकाट्यानं वर चढले आणि डोळे मिटून पलीकडं पोचले. नंतर ते ही हकिगत स्वतःच्या धाडसाची म्हणून सांगू लागले, आम्हीही ऐकून घेतो.

सकाळची एसटी सुरू झाली. खवा नऊच्या आत धाराशिवला पोचू लागला. गावातल्या दोन भट्ट्यांच्या नऊ झाल्या, म्हशी वाढल्या, कडबा कापायचं यंत्र आलं. त्याच बसनं सिताबाईच्या नातीसह, सृष्टीसह, गावातल्या सहा मुली कॉलेजला जाऊ लागल्या.

परवा धाराशिवच्या कॉलेजातले एक प्राध्यापक वही घेऊन आले. गाव पुढं कशानं गेलं, हे त्यांना लिहायचं होतं. तात्या तासभर बोलले. मग प्राध्यापक सिताबाईकडं वळले.

"आता बस सुटंल," ती म्हणाली. "चला, गाडीतच सांगते."

प्राध्यापक तिच्या शेजारी बसले. गर्दी वाढली, तशी तिनं खव्याची एक पाटी त्यांच्या मांडीवर ठेवली. धाराशिव येईपर्यंत त्यांना वही काही उघडता आली नाही.