सायमनकाकाचा मान

सायमनकाका ओसरीवर प्रार्थनेला बसला की समुद्राच्या गाजेवरही त्याचा आवाज चढायचा. डोळे मिटलेले, हात वर, आणि हाक अशी की देव जणू खाडीपलीकडे राहतो. आमेन झालं की एक डोळा उघडून तो रस्त्याकडे बघायचा, कोणी थांबलंय का ते. मी तेव्हा नांदगावहून वाडीच्या शाळेवर नवा मास्तर म्हणून आलो होतो आणि त्याच्या पडवीत भाड्याने राहत होतो. वाळीत टाकलेल्या माणसाकडे राहतो म्हणून लोक कुरकुरायचे. पण परक्या मास्तराला दुसऱ्या कोणी जागा दिली नव्हती, तेव्हा त्या कुरकुरीला मी भीक घातली नाही.

बाप्तिस्म्याआधी तो सखाराम होता. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा, आणि थोरला म्हणून त्याचा. "बा देवा म्हाराजा" म्हणून त्याने सूर लावला की अख्खा गाव "व्हय म्हाराजा" म्हणायचा. पुढे क्षयाने मिशनच्या दवाखान्यात पडून असताना त्याने शुभवर्तमान वाचलं. घरी आला तो निश्चय करूनच. देव्हाऱ्यातले चांदीचे टाक कोऱ्या पंच्यात बांधून त्याने धाकट्या भावाच्या, दाजीच्या, हाती दिले. "धनी एकच. दोघांची चाकरी माका जमना नाय." नवऱ्यामागून काकीनेही बाप्तिस्मा घेतला. एकुलता मुलगा बाबल मात्र दाजीकडे राहायला गेला आणि मासेमारीच्या होडीवर जाऊ लागला.

चर्चमध्ये काका लवकरच उपदेश करू लागला. पाहुणे आले की पाळक त्याला पुढे उभं करत आणि काका टाक कसे दिले ते सांगे. दर खेपेला ते थोडं जास्त रंगायचं. "काका, दर रविवारी टाक वाढतात हो तुमचे," असं मी एकदा म्हटलं. हसला, पण दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

मग ते आश्विनातलं वादळ आलं. होड्या बाहेर होत्या, बाबलचीही. सगळा गाव देवळासमोर जमला. थोरला जिवंत असताना धाकट्याच्या तोंडचं गाऱ्हाणं देवाला पोचत नाही, असं तिथले लोक मानत. दाजी भिजत आमच्या दारात आला. ज्या भावाच्या घरचं पाणी त्याने वर्ज्य केलं होतं, त्याच्यापुढे हात जोडून म्हणाला, "दादा, एकदाच ये. सगळा विसरतलव आमी." काकीने नवऱ्याचे पाय धरले. "बाबल आसा हो थंय!"

काका ताठ उभा राहिला. "सोडलंय ता सोडलंय. आता परत धरलंय तर लोक काय म्हणतले?" आणि जरा थांबून, "माझो धनी बघून घेईत."

तो किनाऱ्यावर जाऊन घसा फुटेपर्यंत प्रार्थना करत राहिला. बाकीच्या होड्या आल्या. बाबलचं प्रेत मागाहून वाळूवर लागलं. दाजीने त्याला सुरूच्या बनामागच्या स्मशानात जाळलं. त्या दिवसापासून काकी नवऱ्याशी बोलली नाही. रांधायची, वाढायची, भांडी घासायची, पण शब्द म्हणून नाही. घरात इतकी शांतता की पडवीत मला जेवण जायचं नाही.

अशी कित्येक वर्षं गेली. काकी अंथरुणाला खिळली तेव्हा तोच तिला पेज भरवायचा. एका दुपारी मी औषध घेऊन आत गेलो, तर वाटी खाली ठेवून तो बोलत होता. मला पाहूनही थांबला नाही.

"त्या दिसा मी देवाखातर नाय म्हटलंय नाय गो. लोक हसतले म्हणान नाय म्हटलंय. टाक दिलंय, पण माझो मान माझ्याकडेच ठेवलंय. त्येचीच पूजा केलंय."

काकीने मान वळवली. तिचा आवाज मी विसरलोच होतो.

"आता लोक हसले तर चलात?"

"चलात."

"मगे बाबलाक जाळल्यानी थंयच माका जाळ."

ती गेल्यावर पाळक धावत आले. बाप्तिस्मा झालेल्या बाईला पुरलंच पाहिजे, म्हणाले. काका फक्त नाही म्हणून मान हलवत राहिला. स्मशानात जागा द्यायला दाजी तयार झाला, पण अग्नी दाजीच्या मुलाने द्यायचा आणि सायमनने दूर उभं राहायचं, या अटीवर. काका दूर उभा राहिला. "खंय गेलो रे तुझो एकच धनी?" कोणीतरी ओरडलं आणि लोक खरंच हसले. मला संताप आला. काका चितेकडे बघत होता.

रविवारी चर्चचं दार त्याला बंद झालं. सर्वांपुढे चूक कबूल केली तर आत घेऊ, असं पाळक म्हणाले. "चूक आसा माझी," काका म्हणाला, "पण ती ही न्हय. वादळाच्या दिसाची आसा. ती सांगू?" ती नको होती. ती गोष्ट पाळक एव्हाना अढळ विश्वासाची साक्ष म्हणून गावोगाव सांगत होते.

तेव्हापासून काका दर रविवारी चर्चच्या बाहेरच्या पायरीवर बसू लागला. पावसातही बसायचा. आतून गाणी ऐकू यायची, लोक त्याला वळसा घालून जायचे. माझी बदली खारेपाटणला झाली, तेव्हा निरोप घ्यायला मी तिथेच गेलो. त्यानंतरच्या थंडीत तो वारला असं मला कळलं. निरोपाच्या त्या सकाळी मात्र राहवलं नाही, विचारलंच, "काका, इथे बसून तुम्हाला मिळतं तरी काय?"

"काय गावना नाय, मास्तरानू," तो म्हणाला. "म्हणानच बसतंय."